यादी हिरवी आहे

अर्धी गोळी कधीच बरोबर अर्धी नसते. सुहासिनी वर्तकने हे मोजून पाहिलं होतं. एकाच पाकिटातल्या दहा गोळ्या, घरातली सुरी आणि मैत्रिणीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेतला मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. दहांपैकी एकच गोळी मधोमध तुटली. बाकीच्यांचा एक तुकडा पंचावन्न टक्क्यांच्या आसपास, दुसरा एक्केचाळीसच्या, आणि उरलेले चार टक्के पांढरी पूड होऊन कागदावर. सुरीऐवजी अडकित्ता घेतला, तेव्हा मोठा तुकडा साठाच्या पुढे गेला आणि धाकट्याला टोक आलं.

हे तिला कोणी करायला सांगितलं नव्हतं. पण ती काम करत होती त्या रुग्णालयाच्या संगणकात ‘मात्रा’ नावाच्या रकान्यात रोज कुठे ना कुठे ‘०.५’ लिहिलेलं दिसे, आणि त्या आकड्याचा आत्मविश्वास तिला सोसत नसे.

सुहासिनी औषधशास्त्रातली पदव्युत्तर पदवीधर. अठरा वर्षं तिने पिंपरीच्या एका कारखान्यात तयार गोळ्या तपासण्यात घालवली. त्या काळातच उदारीकरण आलं, कंपनी परदेशी झाली, कारखाना करसवलतीच्या मागे हिमाचलात गेला आणि सुहासिनी कर्वेनगरातच राहिली. बेचाळिसाव्या वर्षी, दोन हजार सहाच्या मार्चमध्ये, तिला स्वारगेटच्या पुढच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात कंत्राटी नोकरी मिळाली. हुद्दा होता ‘औषध-यादी समन्वयक’. हुद्दा नवा होता, त्यामुळे त्यात काय करायचं हे कोणाला सांगता येत नव्हतं. फक्त ते वेळेत करायचं, एवढं नक्की होतं.

तोवर कॅज्युअल्टीत शालन सिस्टरांची वही चाले. शालन सिस्टर सव्वीस वर्षं तिथे होत्या आणि त्यांची वहीही जवळजवळ तितकीच. नाव, वय, काय झालं, कोणी आणलं आणि शेवटी ‘चालू औषधे’. या शेवटच्या रकान्यात तीनच प्रकारच्या नोंदी असत. जिथे कळलं तिथे औषधांची नावं, जिथे नाहीत तिथे ‘नाहीत’, आणि बाकी सगळीकडे ‘दे. जा.’. म्हणजे देव जाणे. अर्ध्याहून अधिक रुग्णांपुढे दे. जा. असे. ते दिसलं की डॉक्टर सुई उचलण्याआधी नातेवाइकांना आणखी चार प्रश्न विचारत, रक्त तपासायला पाठवत, आणि तोवर हात राखून वागत.

रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. आनंद गोवंडे यांना ही वही म्हणजे रुग्णालयाच्या तोंडावरचा देवीचा व्रण वाटायची. ते सिंगापूरला एका परिषदेला जाऊन आले होते आणि तिथल्या कॅज्युअल्टीत त्यांना कागद दिसला नव्हता. परत आल्यावर त्यांनी हिंजवडीच्या एका कंपनीकडून संगणकप्रणाली करून घेतली. कंपनीच्या वतीने दत्तप्रसाद नावाचे प्रकल्प व्यवस्थापक आले, त्यांनी पडदा लावला आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. रुग्ण आला की दहा मिनिटांत त्याच्या चालू औषधांची यादी भरायची. भरली की नावापुढे हिरवा दिवा, नाही भरली की लाल. समन्वयकांनी ती तपासून ‘पडताळले’वर खूण केली की यादी पक्की, संध्याकाळपर्यंत खूण नसेल तर दिवा पिवळा. पक्क्या यादीत रक्त पातळ करणारं औषध नसेल, तर ऑपरेशनआधीची रक्त गोठण्याची तपासणी प्रणाली आपोआप वगळणार. प्रत्येक रुग्णामागे पन्नास मिनिटांची बचत.

सुहासिनीने हात वर केला. “रुग्णाला सांगता आलं नाही तर ‘माहीत नाही’ कुठे लिहायचं?”

“मॅडम, ‘माहीत नाही’ हा डेटा नसतो,” दत्तप्रसाद समजुतीच्या सुरात म्हणाले. “तो डेटाचा अभाव असतो.”

“अभाव आहे, एवढंच लिहायचंय.”

“मग ते रिक्वायरमेंटमध्ये यायला हवं होतं.”

गोवंडे सर हसले. “अहो सुहासिनीबाई, ‘माहीत नाही’ ऐकायला लोक आपल्याकडे कशाला येतील?”

सरांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पुण्यात पत्ता विचारला तरी ‘माहीत नाही’ असं कोणी म्हणत नाही. एक तर चुकीचा रस्ता दाखवतात, नाहीतर समोरची पाटी वाचता येत नाही का, असं विचारतात.

प्रणाली एप्रिलमध्ये सुरू झाली. पहिले दोन महिने सुहासिनी प्रत्येक यादी घेऊन खाटेपाशी जात होती. तिथे तिला जे कळलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

सदाशिव पेठेतले एक निवृत्त मुख्याध्यापक छातीवर हात दाबून आले. “आपण कुठली औषधं घेता?” या प्रश्नावर ते म्हणाले, “ते आमच्या डॉक्टरांना ठाऊक. त्यांना फी कशाची देतो?” डॉक्टरांना फोन केला तर कंपाउंडरने उचलला. त्याने सांगितलं, “गुलाबी सकाळी, पिवळी रात्री.” नाव? नाव सांगायची पद्धत आमच्याकडे नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला. पुडीतल्या गोळीचं नाव एकदा कळलं की पेशंट ती दुकानातून घेतो आणि डॉक्टरकडे यायचं सोडतो, हे त्या व्यवसायातलं जुनं शहाणपण होतं.

मार्केट यार्डातले एक कांद्याचे आडते घाम पुसत म्हणाले, “औषध? आपल्याला कसलं औषध!” आणि त्यांच्या बायकोने मागून, पदर तोंडाला लावून, बोटांनी चारचा आकडा दाखवला. कर्वेनगरच्याच एका बाईंनी तर लॅमिनेट केलेली यादी पुढे केली. चौदा औषधं, रंगीत रकाने, खाली तारीख. कॅलिफोर्नियातला मुलगा दर महिन्याला ती नवी करून पाठवत असे. सुहासिनीला क्षणभर गहिवरून आलं. मग बाई हळूच म्हणाल्या, “यातल्या पाच मी दोन वर्षांपूर्वीच सोडल्यात हो. त्याला कळवू नका, उगाच काळजी करतो.”

एक यादी खरी करायला सरासरी बावीस मिनिटं लागत, हे तिने घड्याळ लावून काढलं. दिवसाला साठ रुग्ण. म्हणजे बावीस तास. दिवसाचे तास चोवीस असल्यामुळे काम अशक्य नव्हतं. जेवण, झोप आणि संसार उरलेल्या दोन तासांत बसवायचे होते.

बाकीच्यांनी आपापला मार्ग काढलाच होता. पडद्यावर ‘मागील यादीप्रमाणे’ नावाचं एक बटण होतं. रुग्ण पूर्वी कधी आलेला असेल तर ते दाबलं की जुनी यादी जशीच्या तशी उमटे आणि दिवा हिरवा होई. पूर्वी आलेला नसेल तर ‘औषधे नाहीत’ दाबलं तरी दिवा हिरवाच होई. कोणी वाईट हेतूने दाबत नव्हतं. एका खाटेवर रक्त, दुसरीवर झटके, तिसरीजवळ भांडणारे चुलते, आणि वर भिंतीवर लाल दिवा. माणूस आधी जे हाताशी आहे ते विझवतो. जूनमध्ये गोवंडे सरांनी सुहासिनीला बोलावून विचारलं, की सगळं हिरवं असताना तिच्या खुणेअभावी यादी रोज संध्याकाळी पिवळी का पडते? त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा ‘सर्व निवडा’ दाबलं आणि मग ‘पडताळले’. साठ याद्या चार सेकंदांत पक्क्या झाल्या. बस पकडायला ती वेळेत स्वारगेटला पोचली आणि घरी जाऊन तिने आमटीत दोनदा मीठ घातलं.

त्यानंतर ती रोजच तसं करू लागली.

ऑगस्टमध्ये मात्र तिला राहवेना. तिने चाळीस पक्क्या याद्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि आठवडाभर दुपारच्या सुट्टीत एकेका घरी फोन केला. चाळीसपैकी अकरा याद्या खऱ्या निघाल्या. एकोणतीस खोट्या, त्यातल्या चारांत अशी औषधं राहिली होती, जी न कळल्याने जीव जाऊ शकतो. तिने हे सगळं नीटनेटक्या अक्षरात दोन पानांवर लिहिलं. शेवटी एक ओळ: याद्या खऱ्या होत नाहीत तोवर त्यांच्यावर विसंबून काहीही वगळू नये, आणि हिरवा दिवा बंद करावा. हे गोवंडे सरांपुढे ठेवायचं, असं तिने ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. सप्टेंबरात पितृपक्ष लागला. अशुभ बोलायला तो काळ योग्य असला तरी सर सुट्टीवर होते. मग तिच्या कंत्राटाच्या नूतनीकरणाचा महिना आला, त्यात नको. मग दिवाळी, सणासुदीला कोणाच्या तोंडचा घास कडू करायचा? डिसेंबरात सरांच्या मुलीचं लग्न होतं आणि सुहासिनीलाही आमंत्रण होतं. मांडवात जेवून आल्यावर दुसऱ्याच दिवशी कसं सांगणार? जानेवारीत मानांकन समिती येणार असल्याचं जाहीर झालं. आता ती येऊन जाऊ दे.

“मुहूर्त निघाला का?” शालन सिस्टर अधूनमधून विचारत. त्या दोन पानांबद्दल त्यांनाच काय ते माहीत होतं.

“सांगणार आहे.”

“सांगा हो. सावकाश. इथं कोणाला घाई आहे? जे घाईत होते ते गेले.”

सुहासिनी संगणकाकडे वळे. कारण पाच वाजत आलेले असत आणि साठ याद्या तिची वाट पाहत असत.

समिती आली तो गुरुवार होता. कॅज्युअल्टीच्या दाराशी रांगोळी काढली होती. तिच्यावरून पहिलंच स्ट्रेचर गेल्यावर ती पुन्हा काढली. भिंतीवर नवा फलक होता: ‘औषध यादी अचूकता – १००%’. शालन सिस्टरांनी तो सकाळी वाचला आणि खालच्या कुंडीला पाणी घालत म्हणाल्या, “शंभराच्या वर नाही का जात हे?”

पावणेअकराला बापूरावांना आणलं. आंबेगावच्या बाजूचं एक गाव महापालिकेत गेलं, तसं तिथलं हे कुटुंबही शहरात गेलं, फक्त जागचं न हलता. शेतावर आता काचेच्या इमारती होत्या आणि घराच्या जागी तीन मजली बंगला. बंगल्यात इटालियन मार्बल होतं. सकाळी ते पुसून ओलं होतं आणि त्यावरून बासष्ट वर्षांचे बापूराव घसरून डोक्यावर पडले. आणलं तेव्हा ते बरळत होते. पाठोपाठ त्यांचे थोरले भाऊ संभाजी आणि भावजय बायडाबाई आल्या. बायडाबाईंच्या हातात पितळी पानाचा डबा होता. तो त्यांनी घाईत का उचलला, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

बापूराव डिसेंबरात हाताला टाके घालायला येऊन गेले होते. त्यामुळे ‘मागील यादीप्रमाणे’ दाबलं गेलं. रक्तदाबाची एक गोळी, रोज सकाळी. खाली डिसेंबरातली खूणही तशीच, हिरव्या अक्षरांत: पडताळले, सुहासिनी वर्तक. स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्त साचलेलं दिसलं. मेंदूच्या शल्यचिकित्सक डॉ. प्रियदर्शनी यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “लगेच घेऊ. ओटी तयार करा.” यादी पक्की आणि त्यात रक्त पातळ करणारं काही नाही, म्हणून गोठण्याची तपासणी प्रणालीने वगळलीच होती.

हे सगळं सुहासिनीच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. डिसेंबरातली यादी तिने पाहिली नव्हती. ती बरोबर असेलही, असं तिने स्वतःला सांगितलं. चाळिसात अकरा बरोबर असतातच. मग तिच्यातली कारखान्यातली बाई जागी झाली. चाळिसात एकोणतीस सदोष निघाल्यावर तिने कुठल्या लॉटवर शिक्का मारला असता? ती बाहेर बाकावर बसलेल्या बायडाबाईंपाशी गेली.

“मावशी, बापूरावांना गोळ्या कोण देतं?”

“मीच की. दुसरं कोन देनार? जाऊबाई गेल्या त्याला चार वर्सं झाली. जेवनं झाली की मी दोघांपुढं ठिवते.”

“दोघं म्हणजे?”

“ह्ये नि भावजी.” त्यांनी शेजारी ताठ बसलेल्या संभाजींकडे हनुवटीने दाखवलं. संभाजींची नजर ऑपरेशन थिएटरकडे जाणाऱ्या दारावर होती. “ह्यो बगा, समदं ह्यातच हाय. डाक्टरनी ह्यांचं पान बंद केलं तवा डबा रिकामा झाला. म्हनलं, गोळ्या तरी ठिवाव्यात.”

त्यांनी डबा उघडला. चुन्याच्या डबीत बारीक पांढऱ्या गोळ्या, काताच्या खणात गुलाबी, लवंगांच्या खणात कॅप्सूल्स. सगळं लखलखीत, एकात एक मिसळलेलं नाही. सुपारीच्या खणात तुटलेल्या गोळीचा एक तुकडा आणि अडकित्ता होता.

“ही अर्धी कुणाची?”

“ह्यांची. गणपतीत झडपंचं आपरेशन झालं न्हवं का, तवापासनं. डाक्टर म्हनलं रोज अर्धी, वर द्यायची न्हाई. रगात पातळ हुतं म्हनं.”

“आणि उरलेली अर्धी? दुसऱ्या दिवशी देता?”

सुहासिनीने शिळा भात पाहुण्याला वाढायला सांगितला असावा, तसं बायडाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“मोडलेली? रातभर उघडी? अवो ताई, ती भावजींना द्येते. आजची तेवढी ऱ्हायली, ते पडलं म्हनून.”

सुहासिनीने लिहायला काढलेलं पेन खाली घेतलं. “रोज?”

“मंग! दोघं भाव येका वळीत जेवत्यात. येकाला वाढायचं नि दुसऱ्याम्होरनं हात आखडायचा, आसं आमच्यात न्हाई. दिवाळीत भावजीच म्हनले, वैनी, दादाला दोन नि मला येकच व्हय? हसतच म्हनले, पर माज्या जिवाला लागलं त्ये. जमिनीचा वाटा समान झाला. मंग गोळीचाच का न्हाई?”

पंगतीत बसलेल्यांत डावं-उजवं करायचं नाही, पंक्तिप्रपंचासारखं पाप नाही, हे सुहासिनीलाही तिच्या आईने शिकवलं होतं. औषध हे त्या नियमाला अपवाद आहे, असं मात्र आईने किंवा आणखी कोणी तिला शब्दांत सांगितल्याचं तिला आठवेना.

“तुकडे सारखे होतात?” तिने विचारलं. ही जुनी सवय होती.

“आडकित्त्यानं कुठं सारखं व्हत्यात! मोठा तुकडा धाकल्याला.”

“मीच सांगितलं तसं,” संभाजी पहिल्यांदाच बोलले. दारावरची नजर त्यांनी काढली नाही. “बापू ल्हान हाय. ल्हानाला जास्त द्यावं.”

“मावशी, डिसेंबरात बापूरावांच्या हाताला टाके घातले, तेव्हा हे इथं कोणाला सांगितलं होतं?”

“कोनी इचारलंच न्हाई. बीपीची गोळी हाय का, म्हनले. हाय म्हनलं.”

सुहासिनी उठली. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. अडीच महिने, रोज, गोळीचे साठ टक्के. बापूरावांचं रक्त आता कसं असेल याचा तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि तो पुरा होण्याआधीच ती संगणकाशी पोचली.

तिने तपासणी मागवली. प्रणालीने सांगितलं: यादी पक्की असल्याने ही तपासणी अनावश्यक. तिने यादी उघडायचा प्रयत्न केला. प्रणालीने कारण विचारलं आणि तीन पर्याय दिले: रुग्ण मृत, रुग्ण निघून गेला, दुबार नोंद. ‘यादी चुकली’ असा पर्याय नव्हता. तेही बहुधा रिक्वायरमेंटमध्ये आलं नसावं. क्षणभर तिचं बोट ‘रुग्ण मृत’वर रेंगाळलं. पण मेलेल्या माणसाचं रक्त प्रयोगशाळा घेत नाही.

तिने ऑपरेशन थिएटरला फोन लावला. तिथल्या सिस्टर द्वारका नियमाला पक्क्या.

“मॅडम, यादी हिरवी आहे.”

“ती चुकीची आहे. पेशंटला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.”

“इथं पडताळणीत तुमचंच नाव आहे. आता मी कुठल्या सुहासिनी मॅडमचं ऐकू?”

“द्वारका, प्लीज. डॉक्टरांना फोनवर बोलवा.”

“त्या हात धुतायत. निरोप देते.”

फोन ठेवून ती वळली, तर समोर गोवंडे सर समितीला घेऊन उभे. समितीत तिघं जण होते. अध्यक्ष कपाळावर चष्मा चढवून फलक वाचत होते. “शंभर टक्के? आम्ही अठ्ठ्याण्णवच्या वर कुठे पाहिलं नाही. एखादी चालू केस दाखवता येईल?”

“अवश्य,” सर म्हणाले आणि त्यांनी उघड्या पडद्याकडे हात केला. “हीच बघा. बापूराव. नऊ मिनिटांत यादी, पडताळणीसहित. आणि या आमच्या समन्वयक, सुहासिनीबाई. सगळं श्रेय यांचं.”

अध्यक्षांनी चष्मा खाली घेतला आणि वाकून तिला नमस्कार केला. सुहासिनीनेही हात जोडले. पुण्यात आपत्ती कितीही मोठी असली तरी नमस्काराला नमस्कार होतोच.

“सर, एक मिनिट बाजूला—”

“नंतर, सुहासिनीबाई.”

तेवढ्यात आतलं दार ढकलून डॉ. प्रियदर्शनी आल्या. अंगात थिएटरचे हिरवे कपडे, ओले हात कोपरापासून वर धरलेले. “द्वारकाने काय निरोप दिला? कुठली गोळी?”

सुहासिनीने सांगितलं. भावाची गोळी, अडकित्ता, मोठा तुकडा, दिवाळीपासून. चार वाक्यांत सांगितलं. समितीतल्या एकाने लिहून घ्यायला वही काढली आणि गोवंडे सरांच्या चेहऱ्याकडे पाहून ती परत ठेवली.

“सर, हे काय आहे?” प्रियदर्शनींनी विचारलं.

“घाबरलेली बाई आहे,” गोवंडे सर शांतपणे म्हणाले. “नवऱ्याचं औषध, दिराचं औषध, गोंधळ होतो अशा वेळी. शिकलेली नाही. आपल्याकडे पडताळलेली यादी आहे.”

बायडाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. हातातला डबा त्यांनी पोटाशी धरला.

“सर, मला वाद नकोय. मला एकच गोष्ट सांगा,” प्रियदर्शनी म्हणाल्या. त्यांच्या कोपरांवरून पाणी फरशीवर टपकत होतं. “पेशंटच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालीय, मेंदूवर दाब वाढतोय. यादी खरी असेल तर मी एक मिनिटही थांबणं गुन्हा आहे, आत्ता उघडायला हवं. बाईंचं खरं असेल तर रक्त तपासून, ते गोठावं म्हणून प्लाझ्मा चढवूनच उघडायला हवं. तसंच उघडलं तर तो टेबलावर जाईल. दोन्ही खरं असू शकत नाही. यादीवर सही कुणाची?”

“सुहासिनीबाईंची,” सर म्हणाले. “त्या स्वतः प्रत्येक यादी तपासतात. आणि समजा, काही नवीन माहिती आलीच असेल, तर ती नवीन माहिती म्हणून जोडता येईल. यादी चुकीची नव्हती, त्या वेळी ती अपुरी होती. हो ना, सुहासिनीबाई?”

ते तिच्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात धमकी नव्हती. लग्नात आग्रह करून जिलबी वाढताना ते असेच हसले होते. मान हलवली की पुरे होतं. यादी अपुरी ठरली असती, फलक भिंतीवर राहिला असता, समिती जेवायला गेली असती. आणि प्रियदर्शनींच्या हाती एक तपासलेली यादी आणि एक घाबरलेली बाई उरली असती. कुठलाही शहाणा डॉक्टर त्यातून काय निवडतो, हे सुहासिनीला ठाऊक होतं. तिनेही तेच निवडलं असतं.

“मॅडम,” प्रियदर्शनी म्हणाल्या, “डिसेंबरातली ही यादी तुम्ही तपासली होती का? हो किंवा नाही.”

शालन सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलत निघाल्या होत्या. त्यांनी ट्रॉली थांबवली.

“नाही,” सुहासिनी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, म्हणून पुढचं तिने तेवढ्याच मोठ्याने म्हटलं. “ही नाही आणि जूनपासूनची एकही नाही. मी नुसत्या खुणा केल्या. बाई सांगताहेत तेच खरं धरा डॉक्टर, त्यांनी रोज स्वतःच्या हाताने दिलंय. रक्त आत्ता पाठवा आणि प्लाझ्मा मागवा. आणि सर, तो हिरवा दिवा आजच्या आज बंद करा. माझं नाव त्याच्याखाली पुन्हा लागणार नाही.”